कुंडीतील वाटाणा

१९१२ सालची गोष्ट. मुंबईतील एका घरात एका कुंडीत वाटाणा पेरला होता. कुंडीसमोर एक कॅमेरा रोखून ठेवला होता. कुंडी जागची हलवून चालणार नव्हते आणि कॅमेराही हलवून चालणार नव्हते. घरात पैशांची चणचण होती. घरच्या कर्त्या माणसाला नोकरी नव्हती. अशा वेळी हा गृहस्थ वाटाण्याचे फोटो काढीत बसला होता! शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा प्रकार विचित्र वाटला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

या गृहस्थांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. धुंडिराजला मात्र लहानपणापासून चित्रांची ओढ होती. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. शिकलेली प्रत्येक गोष्ट हातांनी करून पाहायची, ही त्यांची सवय होती. फोटो काढणे, तो धुणे, कागदावर छापणे ही सारी कामे ते स्वतः करीत.

गोध्रा येथे त्यांनी फोटोचा धंदा सुरू केला. परंतु तो चालला नाही. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी समजूत तेव्हा लोकांत होती. तशातच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे नाव सरस्वतीबाई. दादासाहेबांनी काही काळ सरकारी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग ती सोडून छापखाना काढला. छपाईची नवी यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, म्हणून तेही काम त्यांनी सोडले.

१९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत गिरगावातील एका चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. पडद्यावर माणसे चालत होती, हसत होती, रडत होती. आपल्या देशातील कथाही अशाच पडद्यावर याव्यात, असे दादासाहेबांना तीव्रतेने वाटले. घरी येऊन ते विचार करू लागले. ही चित्रे हलतात कशी?

त्यांनी एक लहानसे यंत्र आणि फिल्मची काही रिळे मिळवली. रात्री मेणबत्तीच्या उजेडात, भिंगातून ते भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. झोप पुरेना. अखेर डोळ्यांवर ताण येऊन त्यांची दृष्टी गेली. चित्रकाराची दृष्टीच गेली, तर मागे काय उरते? सुदैवाने उपचारांनी त्यांना पुन्हा दिसू लागले. चष्म्याच्या आधाराने त्यांनी लगेच काम सुरू केले. इथे थोडी विश्रांती घ्यायला हवी होती असे आपल्याला वाटते. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता.

चित्रपटाचे सामान भारतात मिळत नव्हते. दादासाहेबांनी आपला विमा गहाण ठेवून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते इंग्लंडला निघाले. लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ हे चित्रपटविषयक साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत. त्याच्या कचेरीत जाऊन ते सरळ संपादकांना भेटले. संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्यात पडू नका असे सांगितले. मात्र या माणसाची तळमळ पाहून त्यांनी मदत केली. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ दादासाहेबांना आतून पाहता आला. त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला. त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम ७५० रुपये होते. कोरी फिल्म आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिल रोजी मुंबईत परतले.

मे महिन्यात सामान आले. दादासाहेबांनी नकाशा पाहून चार दिवसांत यंत्रे जोडली. आता खरी परीक्षा होती. लंडनच्या थंड हवेत जे जमते, ते मुंबईच्या उकाड्यात जमेलच असे नाही. फिल्मवर सरसाचा पातळ थर असतो. फिल्म धुण्याचे पाणी गरम असेल, तर तो थर मऊ पडतो आणि चित्र बिघडते. कॅमेरा हातानेच फिरवायचा होता. त्या काळचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला दोन फेरे या वेगाने फिरवत. एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. म्हणजे एका सेकंदात सोळा. हात हळू झाला, की पडद्यावरची माणसे धावत सुटत. हात भरभर फिरला, की ती रेंगाळत चालत.

फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. हे काम काळोख्या खोलीत करावे लागे. त्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून अशा खोलीत फक्त मंद लाल दिवा चाले. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार चार छिद्रे लागतात. एक फूट फिल्ममध्ये सोळा चित्रे मावतात. म्हणजे फूटभर फिल्मच्या एकेका कडेला चौसष्ट छिद्रे! दादासाहेबांचा पहिला मोठा चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा होता. छिद्रे किती झाली, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. सरस्वतीबाईंचे नाव पडद्यावर आले नाही, पण त्यांच्यावाचून हे काम झालेच नसते.

प्रथम दादासाहेबांनी आसपासच्या मुलामुलींचे चित्रण केले. फिल्म धुऊन पडद्यावर पाहिली. चित्र चांगले उमटले होते. कॅमेरा चालतो हे सिद्ध झाले. पण तेवढ्याने पैसे कोण देणार? चित्रपटात काय जादू आहे, हे लोकांना डोळ्यांनी दाखवायला हवे होते. तेव्हा त्यांनी ती कुंडी कॅमेऱ्यासमोर ठेवली. वाटाण्याला अंकुर फुटला, पाने आली, वेल वर चढू लागला. थोड्या थोड्या वेळाने, त्याच जागेवरून ते एकेक चित्र घेत राहिले. ही चित्रे सलग दाखवली, तेव्हा अनेक दिवसांची वाढ पाहता पाहता डोळ्यांसमोर झाली! या लहानशा चित्रपटाला त्यांनी ‘अंकुराची वाढ’ असे नाव दिले आणि निवडक लोकांना तो दाखवला. तो पाहून कर्ज द्यायला माणसे पुढे आली. तरीही पैसे कमी पडत होते. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

त्या पैशांतून ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. स्त्रिया चित्रपटात काम करण्यास तयार नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके या तरुणाने केली. तो खाणावळीत स्वयंपाकाचे काम करीत असे. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. चित्रण उन्हाच्या उजेडात चाले. सरस्वतीबाई पांढरी चादर धरून ऊन नटांच्या तोंडावर पाडीत आणि साऱ्या मंडळींचे जेवणही रांधीत. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात हा चित्रपट लोकांसाठी लागला आणि त्याला मोठी गर्दी झाली.

पुढे दादासाहेब नाशिकला गेले. तेथे त्यांनी ‘लंकादहन’, ‘कालिया मर्दन’ असे अनेक मूकपट काढले. यश मिळाले तरी करून पाहण्याची सवय सुटली नाही. साध्या आगकाड्या पडद्यावर नाचवून त्यांनी एक गमतीचा चित्रपट केला. १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदुस्थानी बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपत आले. दादासाहेबांनी १९३७ साली ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. चित्रपटसृष्टीतील तो आपल्या देशाचा सर्वोच्च सन्मान आहे.

‘अंकुराची वाढ’ आज पाहायला मिळत नाही. मात्र चित्रपट कसा तयार होतो, हे लोकांना समजावे म्हणून त्यांनी काढलेल्या एका लहान चित्रपटाचा काही भाग शिल्लक आहे. त्यात स्वतः दादासाहेब हातात फिल्म धरून काम करताना दिसतात.