निरपराध्यांचा कैवारी

शेरलॉक होम्स हे नाव ज्याच्या कानांवर आले नाही असा वाचक विरळा. लंडनमधील बेकर स्ट्रीटवर राहणारा, समोरच्या माणसाच्या बुटांवरील चिखल पाहून तो कोठून आला हे सांगणारा हा गुप्तहेर साऱ्या जगाच्या ओळखीचा आहे. आणि मौज अशी की, तो कधी जन्मालाच आला नव्हता! सर आर्थर कॉनन डॉयल या ब्रिटिश लेखकाच्या कल्पनेतून तो निर्माण झाला. परंतु डॉयल यांनी स्वतःच्या आयुष्यातही दोन खऱ्याखुऱ्या खटल्यांचा पिच्छा पुरविला होता. होम्सला बहुतेक वेळी गुन्हेगार सापडत असे. डॉयल यांना गुन्हेगार सापडले नाहीत. त्यांना आढळले ते दोन निरपराध कैदी, आणि त्यांच्यासाठी त्यांनी आपली लेखणी झिजविली.

डॉयल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. वडील चित्रकलेत निपुण होते, परंतु मद्याच्या आहारी गेल्यामुळे त्यांच्या हातून संसार नीट झाला नाही. घराचा सारा भार आईवर पडला. घरात पैशांची चणचण असे, गोष्टींची मात्र नसे. शूर सरदारांच्या आणि दुर्बलांचे रक्षण करणाऱ्या वीरांच्या कथा ती माउली इतक्या रंगवून सांगे की, त्या मुलाच्या मनावर कायमच्या ठसल्या.

१८७६ साली आर्थर एडिंबरोच्या विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागले. तेथे डॉक्टर जोसेफ बेल नावाचे एक शस्त्रवैद्य शिकवीत असत. रोगी आत आला की तो तोंड उघडण्यापूर्वीच त्याचा धंदा कोणता, तो कोणत्या मुलखातून आला, हे डॉक्टर बेल त्याच्या हातांवरून, चालीवरून आणि कपड्यांवरून ओळखीत. पाहणे आणि निरखणे यांत फार अंतर आहे, हा धडा आर्थर त्यांच्यापाशी शिकले. शिक्षण चालू असतानाच १८८० साली देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर वैद्य म्हणून ते उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात काही महिने जाऊन आले. पदवी मिळाल्यावर १८८२ मध्ये त्यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये दवाखाना थाटला. रोगी थोडे येत. मधल्या रिकाम्या वेळात ते गोष्टी लिहीत. शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे सारे हक्क त्यांनी अवघ्या २५ पौंडांना विकून टाकले. १८९१ मध्ये नेत्रचिकित्सेचा विशेष अभ्यास करून त्यांनी लंडनमध्ये नवा दवाखाना काढला, पण तेथे रोगी फिरकेनात. तेव्हा त्यांनी वैद्यकी सोडली आणि लेखन हाच व्यवसाय केला. नेत्रचिकित्सेचे ते शिक्षण वाया गेले, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

पुढे कीर्ती आली, पैसा आला; बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतील रुग्णालयात त्यांनी सेवा केली आणि १९०२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९०६ च्या जुलैत मात्र त्यांची पत्नी दीर्घ आजाराने निवर्तली. लेखणी हाती धरवेना, कशात मन लागेना, अशा अवस्थेत ते असताना त्या वर्षाच्या अखेरीस एका वर्तमानपत्रातील हकिकत त्यांच्या वाचनात आली. ती जॉर्ज एदलजी नावाच्या तरुणाची होती.

हे आडनाव मुंबईकरांना परके वाटणार नाही. जॉर्जचे वडील शापूरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडमध्ये गेले, एका इंग्रज स्त्रीशी त्यांचा विवाह झाला आणि स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वर्ली या खाणकामगारांच्या गावी ते चर्चचे धर्मोपदेशक झाले. सावळ्या वर्णाचा, परमुलखातून आलेला मनुष्य आपल्या चर्चमध्ये प्रवचन करतो हे तेथील काही लोकांना रुचले नाही. एदलजींच्या घरी निनावी धमकीपत्रे येऊ लागली. त्यांच्या नावावर कोणी खोटी जाहिरात देई, तर कोणी नको असलेला माल परस्पर घरी पाठवी. हा छळ थांबविणे पोलिसांचे काम होते. परंतु परगण्याच्या पोलीसप्रमुखांनी उलट शाळकरी जॉर्जवरच संशय धरला! एकदा मनात शिरलेला तो संशय पुढे कधी निघालाच नाही.

जॉर्ज अभ्यासू होता. तो सॉलिसिटर झाला, बर्मिंगहॅम येथे वकिली करू लागला आणि रेल्वेच्या प्रवाशांसाठी त्याने कायद्याचे एक छोटे पुस्तकही लिहिले. १९०३ साली ग्रेट वर्लीच्या परिसरात एक भयंकर प्रकार सुरू झाला. कोणी अज्ञात मनुष्य रात्रीच्या वेळी कुरणात शिरून घोडे, गाई, मेंढ्या यांची पोटे धारदार शस्त्राने चिरू लागला. पुन्हा निनावी पत्रे येऊ लागली आणि त्यांत जॉर्जचे नाव गोवलेले असे. १८ ऑगस्टच्या सकाळी खाणीवरील एक तट्टू कुरणात जखमी स्थितीत आढळले. त्याच दिवशी पोलिसांनी जॉर्जला पकडले.

खटला ऑक्टोबर महिन्यात उभा राहिला. प्रथम पोलिसांचे म्हणणे असे होते की, जॉर्जने हे कृत्य संध्याकाळी फिरावयास गेला असताना केले. परंतु त्या वेळी तो चांभाराकडे गेल्याचे निघाले. शिवाय तट्टूची जखम ताजी, म्हणजे रात्री उशिरा झालेली असावी, असे पशुवैद्याने सांगितले. मग आरोपाची वेळच बदलण्यात आली. आता ते कृत्य मध्यरात्रीनंतर झाले असे ठरले! पण जॉर्ज रात्री वडिलांच्याच खोलीत निजत असे, दाराला आतून कुलूप असे, आणि शापूरजींची झोप तर फार सावध. मुलगा रात्रभर खोलीतच होता असे त्या वृद्ध धर्मोपदेशकाने शपथेवर सांगितले. त्याच्या कोटावर घोड्याचे केस आढळले, हा पोलिसांचा मोठा पुरावा. परंतु कोट घरातून नेताना घरच्या माणसांना त्यावर एकही केस दिसला नव्हता, आणि त्याच दिवशी पोलिसांनी त्या तट्टूच्या कातड्याचा तुकडाही तपासणीसाठी कापून नेला होता. पत्रांचे अक्षर जॉर्जचेच आहे अशी ग्वाही एका हस्ताक्षरतज्ज्ञाने दिली. याच तज्ज्ञाची ग्वाही पूर्वी दुसऱ्या एका खटल्यात एका निर्दोष माणसाला भोवली होती. जॉर्ज कोठडीत असतानाच त्या भागात आणखी एक घोडा मारला गेला, तरी कोणाचे डोळे उघडले नाहीत. ज्युरीने जॉर्जला दोषी ठरविले आणि त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. हजारो लोकांनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. अखेर तीन वर्षांनी, १९०६ च्या ऑक्टोबरात, त्याला सोडण्यात आले. पण का सोडले याचे कारण नाही, निर्दोष असल्याचा निर्वाळा नाही. वकिलीची सनद गेलेली, आणि पोलिसांची नजर पाठीवर. तुरुंगाचे दार उघडले, पण डाग तसाच राहिला.

डॉयल यांनी त्याला लंडनमधील एका हॉटेलात भेटीस बोलाविले. त्यांना पोहोचण्यास किंचित उशीर झाला होता. आत शिरताच त्यांनी दुरूनच पाहिले: एक सावळा तरुण वर्तमानपत्र वाचीत बसला आहे, कागद त्याने डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही जरा तिरपा धरला आहे. डॉयल दाराशीच थबकले. दवाखान्यात रोगी न आलेल्या त्या नेत्रवैद्याला एका क्षणात उमगले की, या मनुष्याची दृष्टी अतिशय अधू आहे. चार पावलांवरचा माणूस ज्याला धड ओळखता येऊ नये, तो अंधाऱ्या, पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ ओलांडून, कुंपणे आणि खड्डे चुकवीत सुमारे अर्ध्या मैलावरच्या कुरणात जातो, जनावर गाठून त्याला जखम करतो आणि गस्तीवरच्या पोलिसांना चुकवून परत येतो, हे कसे शक्य आहे? खटल्यात ही गोष्ट कोणी नीट पुढे मांडलीच नव्हती.

तथापि डॉयल केवळ आपल्या तर्कावर विसंबले नाहीत. त्यांनी जॉर्जचे डोळे एका तज्ज्ञाकडून तपासून घेतले. खटल्याची सारी कागदपत्रे वाचली. स्वतः ग्रेट वर्लीस जाऊन ती वाट पायांखाली घातली. मग १९०७ च्या जानेवारीत डेली टेलिग्राफ या वृत्तपत्रात त्यांनी दोन मोठे लेख लिहिले आणि ते कोणालाही विनामूल्य पुन्हा छापता यावेत अशी मोकळीक ठेवली. साऱ्या इंग्लंडभर खळबळ उडाली. शेरलॉक होम्सचा जनक बोलतो आहे म्हटल्यावर कोण ऐकणार नाही?

सरकारने तिघांची समिती नेमली. समितीचा निर्णय मे महिन्यात बाहेर आला आणि तो मोठा चमत्कारिक होता. जनावरांना जखमा केल्याच्या आरोपातून जॉर्जला मुक्त करण्यात आले. परंतु पत्रे त्यानेच लिहिली, सबब हे संकट त्याने स्वतःच ओढवून घेतले, असे म्हणून एक पैचीही भरपाई नाकारण्यात आली. डॉयल संतापले, आणि ते योग्यच होते. वृत्तपत्राच्या वाचकांनी मात्र वर्गणी काढून जॉर्जला सुमारे ३०० पौंड दिले. त्याच वर्षी त्याला वकिलीची सनदही परत मिळाली. १९०७ च्या सप्टेंबरात डॉयल यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हा समारंभास बोलाविलेल्या पाहुण्यांत जॉर्ज एदलजी होता. पुढे तो १९५३ पर्यंत जगला.

एक गोष्ट येथे लपवून ठेवता येत नाही. खरा गुन्हेगार कोण, याचाही डॉयल यांनी शोध चालविला आणि त्या भागातील एका मनुष्याचे नाव त्यांनी सरकारला कळविले. पण त्याच्याविरुद्धचा पुरावाही तितकाच लंगडा होता. ज्या चुकीविरुद्ध आपण झगडत आहोत, तीच चूक आपल्या हातून घडते आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

या प्रकरणाचा आणखी एक परिणाम झाला. तोपर्यंत इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्या मनुष्याला वरच्या न्यायालयात रीतसर दाद मागण्याची सोयच नव्हती. सरकारने दया केली तरच सुटका. १९०७ साली कायदा होऊन फौजदारी अपील न्यायालयाची स्थापना झाली. एदलजीसारख्या प्रकरणांनी लोकमत पेटले नसते, तर ते आणखी लांबणीवर पडले असते. स्कॉटलंडला मात्र हा कायदा लागू नव्हता. आणि त्याचे फळ ऑस्कर स्लेटर या मनुष्याला भोगावे लागले.

१९०८ च्या डिसेंबरात ग्लासगो शहरी एका ८२ वर्षांच्या श्रीमंत वृद्धेचा तिच्या घरात खून झाला. घरातील कागदपत्रे विसकटलेली होती आणि एक हिऱ्यांची पिन नाहीशी झाली होती. स्लेटर हा जर्मनीतून आलेला ज्यू. त्याने हिऱ्यांची पिन गहाण टाकल्याचे पोलिसांना कळले. काही दिवसांनी तो नाव बदलून अमेरिकेला निघूनही गेला होता. मग काय हवे? पण ती पिन निराळीच होती आणि खुनाच्या कित्येक दिवस आधी गहाण पडली होती. हे उघड झाल्यावरही पोलिसांनी त्याला सोडले नाही. स्लेटर आपण होऊन अमेरिकेतून परत आला, आणि १९०९ च्या मे महिन्यात एडिंबरो येथे पंधरांपैकी नऊ ज्युरर्सच्या मताने दोषी ठरून त्याला फाशीची शिक्षा झाली. शिक्षेच्या दोन दिवस आधी ती जन्मठेपेवर आली.

स्लेटर हा काही जॉर्ज एदलजीसारखा सालस तरुण नव्हता. जुगार खेळणारा, वाईट संगतीत राहणारा तो मनुष्य डॉयल यांना मुळीच आवडत नव्हता. परंतु एखादा मनुष्य वाईट चालीचा आहे म्हणून त्याने खून केला असे होत नाही, हे ते जाणून होते. १९१२ साली त्यांनी या खटल्यावर पुस्तिका लिहिली. १९१४ मध्ये चौकशी झाली, पण ती फोल ठरली. उलट स्लेटरच्या बाजूची माहिती पुढे आणणारा ग्लासगोचा एक पोलीस अधिकारीच नोकरीला मुकला. वर्षे लोटली. १९२५ साली तुरुंगातून सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरचा निरोप एका लहानशा कागदावर तोंडात लपवून बाहेर आणला. तो डॉयल यांच्यासाठी होता. डॉयल तेव्हा ६५ वर्षांचे होते. ते पुन्हा उठले, मंत्र्यांना पत्रे लिहू लागले, एका पत्रकाराच्या पुस्तकाला त्यांनी साहाय्य केले. १९२७ च्या नोव्हेंबरात, अठरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर, स्लेटर बाहेर आला. स्कॉटलंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय १९२६ साली झाले होते; स्लेटरचा जुना खटला त्यापुढे यावा म्हणून खास कायदा करावा लागला. १९२८ च्या जुलैत त्याची शिक्षा रद्द झाली आणि त्याला ६,००० पौंड भरपाई मिळाली.

अपिलाच्या खर्चासाठी डॉयल यांनी आणि इतरांनी पदरचे पैसे घातले होते. ते स्लेटरने भरपाईतून परत करावेत असे डॉयल यांना वाटले. स्लेटरचे म्हणणे असे की, चूक सरकारची, तेव्हा खर्चही सरकारनेच द्यावा. दोघांचे बिनसले, आणि हे भांडण वर्तमानपत्रांपर्यंत गेले. अठरा वर्षे दगडी भिंतींआड कुजलेल्या माणसाकडून गोड बोलांची अपेक्षा करणे कठीणच होते. पण डॉयल यांना ते फार लागले.

आयुष्याच्या उत्तरार्धात डॉयल परलोकविद्येच्या नादी लागले होते, आणि परीकथेतल्या पऱ्यांची म्हणून दाखविलेली बनावट छायाचित्रेही या चतुर लेखकाने खरी मानली होती. ७ जुलै १९३० रोजी इंग्लंडमधील क्रोबरो येथील घरी त्यांचे निधन झाले. स्लेटर त्यानंतर सतरा वर्षांहून अधिक काळ जगला. ग्लासगोच्या त्या वृद्धेचा खून कोणी केला आणि ग्रेट वर्लीच्या कुरणांत रात्री कोण हिंडत होते, हे अद्याप निश्चितपणे उलगडलेले नाही.