सर्गेई विनोग्राड्स्की

वज्रेश्वरी, अकलोली अथवा गणेशपुरी येथील ऊन पाण्याचीं कुंडें आमच्या ठाणें जिल्ह्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिलीं असतील. जगांतील पुष्कळ झऱ्यांच्या पाण्याला गंधकाची दुर्गंधि येते, तरी तेथेंहि सूक्ष्म जंतु सुखानें नांदतात. ते कशावर जगतात हें दाखवून देणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें देतों.

विनोग्राड्स्की यांचा जन्म १८५६ सालीं कीव्ह शहरीं झाला. प्रथम ते पियानो शिकूं लागले. पण तेथें मन न रमल्यानें सृष्टिशास्त्राकडे वळले. पुढें स्ट्रासबर्ग येथें त्यांनीं गंधकाच्या पाण्यांतील पांढरे, तंतूसारखे जंतु तपासावयास घेतले. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायु हे जंतूच उत्पन्न करितात, असें कित्येक पंडितांचें मत होतें. विनोग्राड्स्की यांनीं त्यांना तो वायु मिळूं दिला नाहीं. तेव्हां त्यांच्या शरीरांतील गंधकाचे कण नाहींसे झाले. वायु मिळतांच ते पुनः भरले. मुळींच न मिळाल्यास जंतु मरत. म्हणजे ज्याला आपण नाक दाबतों तेंच त्यांचें इंधन! हें १८८७ सालीं प्रसिद्ध झालें. नंतर झ्यूरिक येथें, सूर्यप्रकाशावांचून केवळ अमोनियाच्या बळावर कर्बद्विप्राणिद वायूपासून आपला देह बांधणारे मातींतील जंतूहि त्यांनीं दाखविले.

पुढें रशियांत राज्यक्रांति होऊन जमीनजुमला गेला. १९२२ सालीं पाश्चर संस्थेनें बोलाविलें, तेव्हां साठी उलटलेल्या या गृहस्थांनीं फ्रान्समध्यें पुनः कामास आरंभ केला. ते १९५३ सालीं वारले. १९७७ सालीं पॅसिफिक महासागराच्या अंधाऱ्या तळाशीं, ऊन झऱ्यांभोंवतीं, अशाच जंतूंवर पोसलेली जीवसृष्टि आढळली.