मुखदुर्बळ बॅरिस्टर

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या शहराला लागून एक भुईकोट किल्ला आहे. सभोवार खोल खंदक आणि आत भक्कम दगडी तटबंदी असा हा किल्ला निजामशाहीच्या काळात उभा राहिला. १५९५-९६ साली चांदबिबीने मोगलांच्या प्रचंड सैन्याविरुद्ध तो मोठ्या हिमतीने झुंजविला. पुढे इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याचा बंदिशाळेसारखा उपयोग केला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी या किल्ल्यात बारा राजबंदी आणण्यात आले. पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव ही त्यांतली काही नावे.

आदल्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या सभेने इंग्रजांना हा देश सोडून जाण्यास सांगणारा ठराव संमत केला होता. ठरावानंतर बहात्तर वर्षांचे एक कृश वृद्ध गृहस्थ बोलावयास उभे राहिले. प्रथम ते हिंदुस्थानीत बोलले, मग इंग्रजीत बोलले. त्यांचा आवाज चढा नव्हता, हातवारे नव्हते, अलंकारिक शब्द नव्हते. तरीही ते विशाल मैदान कानांत प्राण आणून त्यांचे भाषण ऐकत होते. दिवस उजाडण्यापूर्वीच सरकारने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पकडले. सहकारी नगरच्या किल्ल्यात गेले आणि त्या वृद्ध गृहस्थांना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ठेवण्यात आले. ते गृहस्थ म्हणजे महात्मा गांधी.

ज्यांच्या शब्दाने सारा देश पेटून उठला, त्या गांधीजींची याच मुंबई शहरात पन्नास वर्षांपूर्वी भर न्यायालयात वाचा बसली होती, असे सांगितले तर ते कोणाला खरे वाटणार नाही. पण ते अक्षरशः खरे आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे झाला. लहानपणी ते विलक्षण लाजाळू होते. शाळेची घंटा होण्याच्या वेळेस ते वर्गात येत आणि शाळा सुटली की घराकडे धूम ठोकत. वाटेत कोणी बोलावयास येईल, आपली थट्टा करील, ही धास्ती त्यांना सदैव वाटे. पुस्तके हेच त्यांचे सोबती होते.

१८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी ते विलायतेस निघाले, तेव्हा राजकोटच्या शाळेने त्यांना निरोप दिला. आभाराचे चार शब्द त्यांनी कागदावर लिहून नेले होते. ते वाचतानाही त्यांचे डोके गरगरू लागले आणि अंगाला कंप सुटला. चार शब्द कसेबसे उच्चारून त्यांनी आपली सुटका करून घेतली.

लंडनमध्ये ते शाकाहारी लोकांच्या मंडळात सामील झाले आणि त्याच्या कार्यकारी समितीवरही निवडून आले. प्रत्येक बैठकीस ते न चुकता हजर राहत. परंतु तोंड मात्र उघडत नसत. मनात विचार येत नसत असे नाही. बोलावे असे वाटे, शब्दांची जुळवाजुळव होई आणि तोवर चर्चा पुढल्या विषयाकडे वळलेली असे. एकदा समितीतील एका सभासदाला त्याच्या मतांमुळे काढून टाकण्याची गोष्ट निघाली. हे अन्यायाचे आहे असे मोहनदासांना मनापासून वाटले. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. पण वाचण्याचा धीर होईना. अखेर अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले.

पुढे व्हेंटनर या गावी शाकाहारी लोकांच्या सभेत त्यांना बोलण्याचे निमंत्रण आले. भाषण जेमतेम एका पानाचे होते. ते उभे राहिले मात्र, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातापायांना कापरे भरले आणि कागदावरची अक्षरे दिसेनाशी झाली. सोबत आलेल्या त्र्यंबकराय मजमुदारांनी ते पान वाचून दाखविले. मजमुदारांचे स्वतःचे भाषण उत्तम झाले, लोकांनी टाळ्या वाजविल्या. आणि आपल्या दुबळेपणाची मोहनदासांना फार लाज वाटली.

१८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी पुष्कळ पैसा खर्च केला होता. आता हा मुलगा मोठी वकिली करील, असे सर्वांनाच वाटत होते. अनुभव मिळावा म्हणून ते मुंबईस येऊन राहिले आणि त्यांना पहिला खटला मिळाला. तो मामीबाई नावाच्या एका स्त्रीचा होता. खटला अगदी साधा, एका दिवसात संपणारा होता आणि त्याबद्दल तीस रुपये मिळावयाचे होते. लघुवाद न्यायालयात वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करण्यासाठी बॅरिस्टर गांधी उभे राहिले. त्याबरोबर त्यांच्या छातीत धडधडू लागले, घशाला कोरड पडली आणि सारे न्यायालय आपल्याभोवती फिरत आहे असे त्यांना वाटले. विचारावयाचा एकही प्रश्न सुचेना. ते तसेच खाली बसले. हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे सांगून त्यांनी पैसे परत केले आणि ते घाईघाईने न्यायालयाबाहेर पडले. दुसऱ्या वकिलाने ते काम सहज पार पाडले. आपल्या अशिलाचा जय झाला की पराजय, हे विचारण्याचेही धैर्य त्यांना उरले नाही. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेस जाईपर्यंत मुंबईच्या न्यायालयात त्यांनी एकही खटला चालविला नाही.

मग त्यांनी एका शाळेत इंग्रजी शिकविण्याच्या जागेसाठी अर्ज केला. पण विश्वविद्यालयाची पदवी नसल्यामुळे तीही जागा मिळाली नाही. निरुपायाने ते राजकोटला परतले आणि लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले. जे तोंडाने बोलता येत नव्हते, ते त्यांच्या लेखणीतून नीट उतरत असे. येथे कोणी त्यांना उभे राहून बोलावयास सांगत नव्हते. पण मनातील सल काही जात नव्हता.

१८९३ साली एका व्यापारी पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील हिंदी लोकांना पावलोपावली अपमान सोसावा लागे. पहिल्या वर्गाचे तिकीट जवळ असतानाही त्यांना स्वतःला एका रात्री पीटरमॅरिट्सबर्ग स्थानकावर गाडीतून खाली उतरविण्यात आले. थंडीने कुडकुडत त्यांनी ती रात्र काढली आणि या अन्यायाशी झगडावयाचे असा निश्चय केला.

प्रिटोरियास पोहोचल्यावर त्यांनी तेथील हिंदी लोकांना एका व्यापाऱ्याच्या घरी एकत्र बोलाविले. जमलेले लोक थोडे होते, बहुतेक व्यापारी होते आणि सर्व आपल्याच देशाचे होते. काय बोलावयाचे याची तयारी गांधीजींनी आधीच करून ठेवली होती. ते उभे राहिले आणि व्यापारात सत्याने कसे वागावे, स्वच्छता कशी ठेवावी, जातिधर्मांचे भेद विसरून एक का व्हावे, हे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. आश्चर्याची गोष्ट ही की, या वेळी त्यांचा शब्द अडला नाही. आयुष्यातील हे त्यांचे पहिले खरे भाषण होय.

न्यायालयात मुका झालेला हा मनुष्य येथे कसा बोलू शकला? मुंबईत त्यांचे सारे लक्ष स्वतःकडे लागले होते; आपण कसे दिसतो, लोक काय म्हणतील, हीच चिंता होती. प्रिटोरियात त्यांचे लक्ष समोरच्या माणसांच्या दुःखाकडे होते. शिवाय सभा लहान होती आणि थट्टा करणारे तेथे कोणी नव्हते. त्या सभेनंतर अशा बैठका वरचेवर होऊ लागल्या. ज्यांना इंग्रजी शिकावयाचे असेल त्यांना शिकविण्याचे गांधीजींनी कबूल केले होते. एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार असे तीन विद्यार्थी मिळाले. गांधीजी त्यांच्या सोयीने त्यांच्याकडे जाऊन शिकवीत. अशा रीतीने दोनचार माणसांत, रोजच्या साध्या बोलण्यातून, त्यांची जीभ हळूहळू मोकळी होत गेली.

तथापि भित्रेपणा एका दिवसात जात नाही. १८९६ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची हकीकत सांगण्यासाठी स्वदेशी आले. मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहात मोठी सभा भरली. अध्यक्षस्थानी सर फिरोजशहा मेहता होते. त्यांच्या सूचनेवरून गांधीजींनी भाषण आधीच लिहून छापून घेतले होते. सभागृह माणसांनी फुलून गेले होते. गांधीजींनी वाचावयास प्रारंभ केला आणि जुने दुखणे पुन्हा उलटले. अंग थरथरू लागले, आवाज उमटेना. मोठ्याने वाचा, असे अध्यक्ष उत्तेजन देत होते. पण त्यामुळे आवाज अधिकच खोल जाऊ लागला. तेव्हा त्यांचे जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला धावले. गांधीजींनी कागद त्यांच्या हाती दिला. पण सभेला दिनशा वाच्छा यांचा आवाज ऐकावयाचा होता. शेवटी वाच्छांनी ते भाषण खणखणीत वाणीने वाचले. गलबला करणारी सभा शांत झाली आणि भाषणातील प्रत्येक मुद्दा लोकांच्या मनात ठसला. फिरोजशहांनाही ते भाषण आवडले.

गांधीजींना त्या वेळी किती वाईट वाटले असेल! परंतु मामीबाईच्या खटल्यानंतर ते जसे पळून गेले, तसे या वेळी गेले नाहीत. आवाज दुसऱ्याचा असला तरी शब्द आपले होते आणि काम झाले होते, हे त्यांनी जाणले. ते तेथून पुण्यास गेले. लोकमान्य टिळकांनी त्यांना योग्य सल्ला दिला, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मोठ्या मायेने त्यांची विचारपूस केली आणि डॉक्टर भांडारकरांनी सभेचे अध्यक्षपद स्वीकारले. ती सभा लहानशा जागी, गाजावाजा न करता भरली. पुण्याहून निघताना गांधीजींचे मन उल्हसित झाले होते आणि आपल्या कार्यावरचा त्यांचा विश्वास वाढला होता.

पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांना शेकडो सभांतून बोलावे लागले. ते लोकांच्या भाषेत, सोप्या शब्दांत आणि संथपणे बोलत. शब्द सुचला नाही तर थांबत. त्या थांबण्याची त्यांना आता लाज वाटत नसे. १९१५ साली ते कायमचे हिंदुस्थानात आले. गोखल्यांनी त्यांना एक वर्षभर देश पाहण्याचा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत न देण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी तो मनोभावे पाळला. ज्याला उत्तम बोलावयाचे आहे त्याने प्रथम ऐकावयास शिकले पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो. नंतरच्या काळात दर सोमवारी ते मौन पाळीत आणि अगदी जरूर असेल तेवढेच कागदावर लिहून कळवीत. एके काळी ज्या मौनाची त्यांना भीती वाटे, तेच मौन त्यांच्या विसाव्याचे स्थान झाले.

आपल्या आत्मकथेत गांधीजींनी या लाजाळूपणाची हकीकत काहीही न लपविता सांगितली आहे. तो आपल्यातून पूर्णपणे कधीच गेला नाही, असे ते मान्य करतात. पण त्याने आपले नुकसान केले नाही, उलट शब्द जपून वापरण्याची सवय लावली. त्यामुळे अविचाराचा शब्द आपल्या तोंडून किंवा लेखणीतून क्वचितच निघाला, असेही ते सांगतात.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा अंत झाला. नगरच्या किल्ल्यात ज्या खोल्यांतून त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ तीन वर्षे कारावास भोगला, त्या आजही जपून ठेवल्या आहेत. १९४४ साली तेथेच नेहरूंनी भारताच्या इतिहासावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्या दगडी भिंतींकडे पाहताना गवालिया टँकवरील भाषण आठवते, तशीच मुंबईच्या न्यायालयात खाली बसलेल्या तरुण बॅरिस्टरची मूर्तीही डोळ्यांपुढे उभी राहते. वर्गात एखादा विद्यार्थी उत्तर देण्यास उभा राहतो आणि त्याचा शब्द घशातच अडतो. अशा वेळी कोणी हसले, तर तो शब्द आणखी आत जातो; आणि शेजारच्याने केशवरावांसारखा हात पुढे केला, तर तो शब्द आज ना उद्या बाहेर येतो. गांधीजींच्या चरित्रातील हे पान सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.