इंजिनिअरिंगच्या राखीव जागेचा इतिहास विसरू नका!

आम्ही मिठबावला आलो की बारावी पास झालेली मुले कागद घेऊन भेटायला येतात. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्तीचा अर्ज. वकील म्हणून आम्ही कागद तपासून देतो. पण इंजिनिअरिंगची राखीव जागा कायद्याने टिकली कशी, असे विचारले की मुले गप्प होतात. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनातील हे पान.

बाबासाहेबांचे मूळ गाव आपल्याच कोकणातले आंबडवे. महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुढे स्वतः पैसे जमवून त्यांनी ते पूर्ण केले. पैशाअभावी शिक्षण तुटणे काय असते, हे त्यांनी भोगले होते.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. धरणे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. त्याच वर्षी व्हाइसरॉयला निवेदन देऊन त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तांत्रिक शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले भरतात तो अर्ज तिथून आला आहे.

पुढे मद्रास प्रांतात मेडिकल व इंजिनिअरिंगच्या जागा जातवार वाटणारा सरकारी आदेश कोर्टात गेला. एक अर्जदार इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच भांडत होता. एप्रिल १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द ठरवला. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते. त्यांनी संसदेत घटनादुरुस्तीची बाजू मांडली आणि जून १९५१ मध्ये कलम १५ (४) आले. शिक्षणातील राखीव जागांना घटनेचा भक्कम आधार मिळाला तो असा. पुढे सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदही सोडले.

जागा मिळाली म्हणजे लढाई संपली काय? शिष्यवृत्तीची रक्कम आली नाही म्हणून गुणपत्रिका अडवून ठेवल्याची तक्रार घेऊन एक मुलगा आमच्याकडे आला होता. पहिल्या वर्षी गणितात आणि इंग्रजीत अडखळून कित्येक मुले घरी परततात. वेळेवर शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि पहिल्या वर्षी जादा शिकवणी हा आपला हक्क आहे. तो मागितलाच पाहिजे. आणि आपल्यातून जे इंजिनिअर झाले, त्यांनी सुट्टीत गावी आल्यावर विहारात बसून चार मुलांना गणित शिकवावे. बाबासाहेबांचे ऋण नुसत्या हार-फुलांनी फिटणार नाही.

जय भीम!