पडद्यावरले तुकोबा : विष्णुपंत पागनीस



दिंडीच्या शंभर वर्षांच्या अंकात एका सिनेमानटाचं चरित्र कशाला, असं काही माउलींना वाटेल. आमच्या मंडळींतही हा प्रश्न निघाला होता. पण या नटाचा आवाज आपल्या भजनात शिरून बसला आहे. आपल्या काही चाली फडावरून आल्या, जुन्या विणेकऱ्यांच्या तोंडून आल्या, आणि काही जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूतून आल्या. हे पोरांना ठाऊक असावं म्हणून आम्ही लिहायला बसलो. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा चुकभूल माउलींनी पोटात घालावी.

विष्णुपंतांचा जन्म १८९२ साली चिकोडीला झाला. चिकोडी म्हणजे बेळगावकडचा मुलूख, कोल्हापूरहून फार लांब नाही. तिथं मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बसतात. पोराचा गळा गोड, म्हणून लहानपणीच ते नाटक कंपनीत गेले. त्या काळी बायकांनी नाटकात उभं राहायचं नाही अशी रीत होती, त्यामुळे नाजूक चेहऱ्याच्या आणि गोड गळ्याच्या पोरांना लुगडं नेसवून उभं करीत. पागनीसांनी अशी स्त्रीपार्टाची कामं पुष्कळ केली आणि नाव मिळवलं.

नाटकातलं गाणं कसं असे ते इथं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तेव्हा भोंगे नव्हते. शेवटल्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू गेलं पाहिजे म्हणून आवाज फेकावा लागे. तान घ्यायची, लोकांकडं बघायचं, टाळ्या पडल्या की तेच पद पुन्हा म्हणायचं. नाटकाची गोष्ट तिथं थांबून राही आणि गाणं एकटंच पुढं जाई. लोकांना तेच आवडे, त्यात वाईट काही नाही. पण गाणं लोकांकडं तोंड करून असे.

नाटकं मागं पडल्यावर पागनीस मुंबईला पोरांना गाणं शिकवू लागले आणि भजनात रमले. पन्नाशीकडं झुकलेला हा माणूस. सगळं आयुष्य एवढ्यावरच सरलं असतं तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं.

आता सिनेमाचं सांगतो. आधी सिनेमा मुका होता. तुकोबांवर मुका सिनेमासुद्धा निघाला होता, १९२१ साली. विचार करा माउली, मुके तुकोबा! ओठ हलतायत, चिपळी हलतेय आणि आवाज नाही. मधेच पडद्यावर अक्षरं यायची. ज्याला वाचता येई त्यानं वाचावं, शेजारच्याला सांगावं. पडद्यापाशी पेटीतबला घेऊन कुणी बसला तर बसला. ज्या संताचं सगळं देणं शब्दाचं, त्याचा शब्दच तिथं नव्हता. आम्हाला विचाराल तर नामाशिवाय टाळ कुटल्यासारखं ते.

१९३१ साली हिंदुस्थानातला पहिला बोलपट आला. पुढल्या साली प्रभात कंपनीनं मराठीत अयोध्येचा राजा काढला. प्रभात तेव्हा कोल्हापुरात होती, १९३३ साली पुण्याला आली. तिच्या मालकांपैकी विष्णुपंत दामले आवाज टिपण्याचं खातं बघत. सिनेमाच्या फितीच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी छापलेली असते. तिच्यावर दिव्याचा उजेड पडला की त्या उजेडाचा पुन्हा आवाज होतो. गहू दळून पीठ होतं हे आम्हाला कळतं, पण उजेड दळून आवाज कसा होतो ते एका यंत्रवाल्यानं समजावूनही आमच्या डोक्यात पुरतं उतरलं नाही. असो. दामल्यांना मात्र त्याची नस कळली होती. त्यांनी आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी मिळून तुकोबांचा बोलपट करायचं ठरवलं. फत्तेलाल मुसलमान, दामले ब्राह्मण, दोघे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली एकत्र वाढलेले. तुकोबांच्या कामाला दोघे एकदिलानं लागले.

तुकोबा कोण करणार? पागनीसांचं नाव पुढं आलं तेव्हा कंपनीत काही जणांना ते पटलं नाही. ज्यानं उभा जन्म लुगडं नेसून काम केलं तो देहूचा वाणी कसा शोभेल, अशी शंका. आमचं मत विचाराल तर तीच गोष्ट कामाला आली. बाईचं काम करून करून त्यांच्या अंगात एक मऊपणा आला होता, मान तुकवणं आलं होतं. तुकोबांचा कडकपणा त्या सिनेमात कमी दिसतो, हे कबूल. गाथा वाचणाऱ्याला ते जाणवतंच. पण नम्रपणा पुरेपूर उतरला. काम सुरू करण्याआधी पागनीस देहूला जाऊन आले. त्यानंतर त्यांनी भूमिका केली म्हणण्यापेक्षा ते तिच्यात राहायला गेले.

आता सिनेमात आवाजानं काय काम केलं ते बघा. सुरुवातीलाच तुकोबा डोळे मिटून पांडुरंगाचा अभंग गातायत. कसरत नाही, हरकत नाही, घाई नाही. कुणी ऐकतंय का इकडं ध्यान नाही. नाटकात असं गाता आलं नसतं, मागच्या रांगेनं ओरडा केला असता. पण बोलपटात यंत्र तोंडाजवळ असतं. माणूस स्वतःशी पुटपुटला तरी ते हजार माणसांना ऐकू जातं. त्यामुळं देवाकडं तोंड करून गाणं पहिल्यांदा शक्य झालं. आणि लगेच पुढं सालोमालो देवळात बसून तोच अभंग स्वतःचा म्हणून गातो. शब्द तेच. पण ताना, मुरक्या, हातवारे आणि नजर समोरच्या मंडळीवर. सालोमालो तुकोबांच्या अभंगातलं नाव काढून आपलं घालतो ही परंपरेतली गोष्ट, कीर्तनात आम्ही ती सांगतो आणि समजावून सांगायला आम्हाला पाव तास लागतो. सिनेमात कुणी काही सांगत नाही. नुसत्या दोन आवाजांवरून अडाणी म्हातारीलाही कळतं की धनी कोण आणि चोर कोण.

हे करणारे केशवराव भोळे. संगीत त्यांचं. स्वतः गाण्यातले जाणकार, नाटकाच्या गाण्याची त्यांना पक्की ओळख. म्हणूनच ती कुठं वापरायची आणि कुठं नाही हे त्यांना कळलं. तुकोबांच्या वाट्याला साधी चाल, सालोमालोच्या वाट्याला नाटकी. तुकोबांना फशी पाडायला नाचणारी पाठवतात, तिचं गाणं आणखी निराळ्या ढंगाचं. आणि जिजाईचं भांडण तर थेट गावाकडच्या बोलीत. गौरीबाईंनी जिजाई केली, ती आपल्या घरातलीच वाटते. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात, म्हणून ती विठोबावर पायतण उगारायला निघते. तो तिचा खडा आवाज आणि तुकोबांचा मऊ आवाज एका घरात नांदतात, त्यातूनच त्या संसाराची गोष्ट पुढं सरकते. गाण्यासाठी गोष्ट थांबत नाही. तुकोबा बोलता बोलता गाऊ लागतात, गाता गाता बोलू लागतात. आमच्या कीर्तनातही निरूपणातून चालीत जाताना सांधा कळू नये असं जुने लोक सांगत. पागनीसांना तो सांधा साधला होता.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. त्या सिनेमातलं बी आणि अंकुराचं जे पद आहे ते तुकोबांचं नाही. ते शांताराम आठवले यांनी लिहिलं. इतकं जमलं की भल्याभल्यांनी ते गाथेत शोधलं. आमच्या पंचक्रोशीत आजही कुणीतरी तुकोबांचा अभंग म्हणून त्याची फर्माईश करतो. आम्ही म्हणतोही, पण आधी कर्त्याचं नाव सांगून. नाहीतर सालोमालोत आणि आमच्यात फरक काय राहिला?

१२ डिसेंबर १९३६ ला सिनेमा मुंबईत सेंट्रलला लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिस शहरी त्याचा गौरव झाला. भाषा न कळणारी माणसं ती, त्यांना काय कळलं असेल? आम्हाला वाटतं त्यांनाही ते दोन आवाज कळले.

पुढं खेडोपाडी तो तंबूत आला. आमच्या लहानपणी जत्रेत आम्ही तो तसाच पाहिला. बाहेर इंजिनाची धडधड, आत फाटकी फीत मधे मधे तुटायची. बायाबापड्या पडद्याला हात जोडत, कुणी पैसा टाकी, वैकुंठगमनाच्या वेळी म्हातारे उभे राहत. काही वडीलधाऱ्या वारकऱ्यांना हे रुचत नसे. नटाला नमस्कार कसला, असं ते म्हणत. त्यांचं एक म्हणणं आम्हाला पटतं. सिनेमा आला आणि गावोगावच्या तरण्या पोरांनी एकाच गळ्याची नक्कल धरली. आमच्या गावात दोन अभंगांच्या जुन्या चाली होत्या, त्या आता एका आजोबांनाच येतात, आणि त्यांचं वय नव्वदीला आलंय. या सालच्या वारीत त्यांच्याजवळ बसून त्या उतरवून घ्यायचं आम्ही ठरवलं आहे.

पागनीसांना त्या एका कामानं मोठं केलं आणि बांधूनही टाकलं. लोकांना ते दुसऱ्या वेषात चालेनात. मग १९३९ साली त्यांनी तुलसीदास केले, १९४० साली नरसी मेहता केले. पुन्हा संत, पुन्हा भजन. १९४३ साली ते वारले. पन्नाशी नुकती ओलांडली होती.

तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी नाही. आज घरोघरी जी तसबीर लागते, त्यातला चेहरा पुष्कळ ठिकाणी पागनीसांच्याच वळणाचा असतो. आमच्या देवघरातही तशीच एक आहे, वडिलांनी आळंदीहून आणलेली. रोज सकाळी तिला बुक्का लागतो.