अनोळखी चेहऱ्यांचा ऋणी चित्रकार

खामगावच्या बाजारात, शेगावच्या स्थानकावर किंवा बुलढाण्याच्या एखाद्या चौकात आज कोणीही खिशातून मोबाईल काढतो, समोरच्या अनोळखी माणसाचा चेहरा टिपतो आणि निघून जातो. ज्याचा चेहरा टिपला गेला त्याला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो. आपल्याच गावातील परक्या माणसाकडे कसे पाहावे, हा प्रश्न त्या क्षणी कोणाच्या मनात येत नाही. तो यावा, असे ज्यांना वाटते त्यांनी रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चरित्राकडे वळावे.

मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली ती १८५४ साली. परंतु त्या काळचा कॅमेरा अवजड होता. काचेची ओली पट्टी वाळण्यापूर्वीच सारे काम उरकावे लागे आणि समोरच्याला निश्चल राहावे लागे. वाहत्या रस्त्यावरील गर्दी या यंत्राच्या आवाक्याबाहेर होती. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली मुंबईतील निरनिराळ्या समाजांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले, त्यांतील पुष्कळ आकृती एकीकडे टिपून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटविलेल्या आहेत. माणूस तेथे नमुना म्हणून उभा आहे. त्याच्या जातीचे नाव कळते, त्याचे स्वतःचे कळत नाही.

कॅमेऱ्याच्या हातून निसटलेली ती गर्दी धुरंधरांनी पेन्सिलीने धरली. त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. १८९०च्या जानेवारीत ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथील प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यात अनेक वर्षे घालविली होती. भारतीय जीवनाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्याची ही परंपरा तरुण धुरंधरांना तयार मिळाली. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढे त्याच शाळेत ते शिक्षक झाले.

यशाच्या या प्रारंभालाच प्लेगची छाया पडली. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या त्या साथीने असंख्य घरे ओस पाडली. धुरंधरांची पहिली पत्नी बापूबाई हिलाही प्लेगने ओढून नेले. ज्या शहरात ते परके म्हणून आले होते, त्या शहराचे दुःख आता त्यांचेही झाले. त्यांनी पुन्हा संसार मांडला आणि चित्रकलेची उपासना अखंड चालू ठेवली. रेखाटनाची वही हा त्यांच्या दिनक्रमाचाच भाग होता.

त्या रेखाटनांतून मुंबईची माणसे घरोघर पोचली. शहरातील नाना तऱ्हेच्या स्त्रीपुरुषांची त्यांची चित्रे टपालाच्या कार्डांवर छापली गेली. १९१२ साली पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या आडवाटांवरील पुस्तकाला आणि १९२० साली ओटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथाला त्यांनीच चित्रे दिली. नवी दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांचे कामही त्यांच्याकडे आले. कलाशाळेच्या संचालकपदाची सूत्रे काही काळ सांभाळून ते १९३१च्या जानेवारीत निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले आणि १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

धुरंधरही आपल्या काळाच्या मर्यादेतून सर्वस्वी सुटले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्याही चित्रांखाली प्रांताचे, जातीचे किंवा धंद्याचे नाव असे, व्यक्तीचे क्वचितच. तथापि त्यांची माणसे उसन्या देखाव्यावर चिकटविलेली नाहीत. पदर सावरण्याची ढब, खांद्यावरच्या ओझ्याने आलेला बाक, चालण्यातली घाई हे सारे त्यांच्या आकृतींत जागच्या जागी आहे. कारण चित्रकाराला माणसासमोर काही वेळ थांबावे लागते. तो पाहतो, तसाच पाहिलाही जातो. ही थांबण्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

आज यंत्राने ही किंमत जवळजवळ शून्यावर आणली आहे, आणि धोका येथेच आहे. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली व वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे अधिक वेगाने वाहू लागला. ज्यांच्या पाठीवरून त्या गाठी चढल्या-उतरल्या, त्यांचे चेहरे आपल्याला ठाऊक नाहीत. नावे तर नाहीतच. आजचे हमाल, गजानन महाराजांच्या पालखीबरोबर चालणारे वारकरी, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या वृद्धा यांची छायाचित्रे असंख्य निघतील, परंतु तीही निनावीच राहणार असतील तर दीडशे वर्षांत आपण काय मिळविले?

आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढे जरी शिकविले तरी पुष्कळ होईल. आपल्या गावातील एका अनोळखी माणसाजवळ जावे, त्याची अनुमती घ्यावी, त्याचे नाव विचारावे, मग छायाचित्र घ्यावे. आणि त्याची एक प्रत त्याच्या हाती नेऊन द्यावी. तो नको म्हणाला तर नमस्कार करून परतावे. धुरंधरांच्या काळाला जे साधले नाही ते आपल्याला सहज साधण्यासारखे आहे. चेहऱ्याखाली त्या माणसाचे स्वतःचे नाव लिहिणे हीच त्या चित्रकाराला खरी आदरांजली ठरेल.