टेंभूचे आगरकर आणि घरातला देव्हारा

कऱ्हाडजवळच्या टेंभूवरून येणारी कृष्णा पुढे आमच्या पलूस तालुक्यात भिलवडी, औदुंबरला येते. औदुंबरच्या दत्ताला मी लहानपणापासून हात जोडत आलो आहे. परवा सातवीतल्या नातवाने विचारले, ग्रहण राहूमुळे लागते असे आजी सांगते आणि पुस्तकात सावली म्हटले आहे, तर परीक्षेत काय लिहू? मी म्हणालो, पुस्तकातले लिही. मग आजी खोटे बोलते का, हा त्याचा पुढचा प्रश्न. मला उत्तर सुचेना. तेव्हा आठवले ते याच नदीकाठचे गोपाळ गणेश आगरकर.

१४ जुलै १८५६ रोजी टेंभूला त्यांचा जन्म झाला, तोही घरच्या गरिबीत. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे वणवण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. अंगावरचा एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आईला कळवून ते मास्तर झाले. १८८१मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, मग १८८५मध्ये निघालेले फर्ग्युसन कॉलेज आणि १८९२मध्ये त्याचेच प्राचार्यपद.

सरकारी शाळांतले शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे, हे १८५४च्या खलित्यातच ठरले होते. पण धर्माचा तास नसला म्हणून मुलाच्या मनात विचार आपोआप उगवत नाही. आगरकरांची धडपड त्यासाठी होती. १८८८मध्ये काढलेल्या ‘सुधारक’मधून ते प्रत्येक रूढीला कारण विचारीत. देव माणसाच्या कल्पनेत कसे आले, हेही त्यांनी निर्भीडपणे मांडले. चिडलेल्या सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली.

मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्यांच्या घरातली गोष्ट. यशोदाबाईंची पूजाअर्चा चालूच राहिली. आपली मते आगरकरांनी पत्नीवर लादली नाहीत. १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याने ते गेले. उशाशी अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवले होते.

पुढे राज्यघटनेच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली. तरीही २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गळाला. ओझे कमी करण्यासाठी, असे कारण दिले गेले. ओझे कमी करताना नेमके काय खाली ठेवतो, हे आपण पालकांनी विचारायला नको का?

नातवाला मी रात्री जवळ बसवले. आजी खोटे बोलत नाही, तिने ऐकलेली गोष्ट सांगते. ती गोष्ट घरात ऐकावी, आजीचा मान राखावा. पण शाळेत सावली कशी पडते ते दिवा आणि चेंडू घेऊन पडताळून पाहावे, असे त्याला समजावले. तो लगेच चेंडू शोधायला पळाला. त्याच्यामागून आजीही पाहायला आली.